सायकलीवरून मोठ्या महादेवाला

महाशिवरात्र जवळ आली की नागपूर, वर्धा, अमरावतीच्या गावागावांतून माणसं खांद्यावर त्रिशूळ घेऊन उत्तरेकडे निघतात. कोणाचा नवस फेडायचा असतो, कोणाच्या घरातलं दुखणं टळलेलं असतं, कोणाचे आजोबा जायचे म्हणून नातू जातो. जायचं ते पचमढीच्या पलीकडच्या चौरागडावर. मोठा महादेव तिथला. आता बहुतेक जण बसने, जीपने जातात, पण पायी जाणारे अजूनही आहेत. सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया, मटकुली अशी ही वाट. पायी नाही तरी निदान स्वतःच्या पायांच्या जोरावर ती करायची असं बरेच दिवस मनात होतं.

नागपूरचं आणि या डोंगरांचं नातं जुनं आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ साली नागपूर वसवलं. त्याचं देवगड आजच्या छिंदवाडा जिल्ह्यात, म्हणजे आपलं शहर याच डोंगरांतून खाली उतरलेल्या माणसाने उभं केलं. पुढे सीताबर्डीची लढाई हरल्यावर नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले १८१८ मध्ये इंग्रजांच्या कैदेतून निसटले आणि याच महादेवाच्या डोंगरांत शिरले. हर्रईचा गोंड जमीनदार चैनशाह याने त्यांना आसरा दिला. संकटात सापडलेला नागपूरकर शेवटी महादेवाच्या डोंगरातच जातो, असं आमचे काका म्हणतात.

काका म्हणजे वीज मंडळातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेले आमचे शेजारी. लहानपणी वडिलांच्या मागे चालत ते या यात्रेला गेले होते. तिसरा माझा भाचा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. तिघांकडेही माउंटन बाइक. नुसत्या डांबरी रस्त्याने जायचं असतं तर कोणतीही सायकल चालली असती. आम्ही मात्र ठरवलं होतं की जिथे शेतांमधली पांदण सापडेल तिथे हायवे सोडायचा. चौपदरी रस्ता झाल्यापासून पायी जत्थेही जमेल तितके आतल्या वाटांनी जातात. झाडं, विहिरी, ओळखीची गावं, सगळं त्या वाटांवरच आहे.

काकांनी लोहाराकडून हातभर लांबीचा त्रिशूळ करून घेतला होता. टोकांना चिंध्या गुंडाळून, जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी तो सायकलीच्या दांडीला आवळून बांधला.

पहिला दिवस : नागपूर ते जाम सावळी

अंधारातच काटोल नाका सोडला. गोरेवाड्याच्या बाजूला गारठा चांगलाच झोंबत होता. फेटरी गेल्यावर उजाडलं, आणि कळमेश्वरला तर्री-पोह्याच्या गाडीवर थांबलो. तर्री तिखट होती, वरून कच्चा चिवडा. काकांनी दोन प्लेटा घेतल्या. दिवसभर पुरलं पाहिजे, म्हणाले.

कळमेश्वरच्या पुढे पांदणीला लागलो. काळ्या मातीची पांदण सायकलीची परीक्षाच घेते. पावसाळ्यात हीच माती टायरला, ब्रेकला, चेनला असा लपेटा घालते की चाक फिरत नाही. माघ-फाल्गुनात ती वाळून दगडासारखी झालेली असते. त्यात ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या वीतभर खोल. पुढचं चाक एकदा चाकोरीत गेलं की वळवायला जाऊ नये, चाकोरी नेईल तिकडे जावं आणि ती उथळ झाली की वजन मागे टाकून चाक वर काढावं. टायरमधली हवा आम्ही २५ पीएसआयच्या आसपास आणली होती. हवा कमी असली की टायर ढेकळांवर उड्या मारत नाही, जमीन धरून चालतं. भाच्याचं हे सगळं वाचून तयार होतं. काका काही न वाचता पायडलवर उभे राहून गुडघे सैल सोडून चालवत होते आणि आमच्यापेक्षा पुढे होते.

दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा. मृग बहाराची तोड चालू होती. झाडाखाली फळांचे ढीग, बाया वेगवेगळ्या आकाराची फळं निवडून वेगळी करत होत्या. एका मावशीने हाक मारून थांबवलं. काकांच्या सायकलीवरचा त्रिशूळ तिने पाहिला होता.

"महादेवाले चालले काय बाप्पा?"

"हो ना माय."

तिने काही न बोलता लुगड्याच्या ओच्यातली संत्री आमच्या पिशव्यांमध्ये भरली. पैसे काढले तर रागावली. "देवाले जाणाऱ्याकडून पैशे घेत असते काय? मायी बी आठवण सांगजा तिथं." पुढच्या साऱ्या वाटेवर हे असंच होत राहिलं. त्रिशूळ दिसला की माणूस ओळखीचा होतो. एरवी हेल्मेट घातलेल्या सायकलवाल्यांकडे लोक लांबूनच बघतात.

धापेवाड्याला चंद्रभागेकाठी विठ्ठलाचं दर्शन घेतलं. विदर्भाचं पंढरपूर म्हणतात याला. आषाढात पौर्णिमेला इथे मोठी यात्रा भरते. आज मात्र घाटावर दोन-चार माणसंच होती आणि पाणी गुडघ्याएवढं. तिथून अदासा जवळच. टेकडीवरच्या शमी विघ्नेशाची मूर्ती पुरुषभर उंचीपेक्षा मोठी आहे. टेकडीचा चढ छोटा पण तिरका. पहिल्याच दिवशी पाय कसे आहेत ते कळलं.

सावनेरला ऊन चढलं. कोळशाच्या ट्रकांमुळे इथला रस्ता सायकलीसाठी चांगला नाही. धूळ, हॉर्न, कडेला खडी. केळवदपर्यंत मान खाली घालून रेटत गेलो. केळवदच्या पुढे एका कडुलिंबाखाली पायी जत्था विसावलेला दिसला आणि आम्हीही थांबलो.

कळमेश्वर तालुक्यातलेच होते, वीस-पंचवीस माणसं. त्यांच्या मोठ्या त्रिशुळाची उंची माणसापेक्षा जास्त, तीनही पात्यांवर लिंबं खोचलेली, दांड्याला भगवं फडकं. दोघं भाऊ तो आळीपाळीने खांद्यावर घेत होते. जमिनीवर आडवा ठेवायचा नाही हा त्यांचा नेम, म्हणून विसाव्यालाही तो झाडाच्या बेचक्यात उभा टेकवलेला. धाकट्या भावाने सदऱ्याची कॉलर बाजूला करून खांदा दाखवला. लोखंडाने घासून घासून कातडी काळी आणि जाड झाली होती, त्यावर खोबरेल तेल चोळलेलं. पायात काही नव्हतं. मुलगी झाली पाहिजे असा नवस होता, झाली, म्हणून हे तिसऱ्या वर्षीचं येणं. हे सांगताना तो खांद्याकडे नाही, मोबाइलमधल्या मुलीच्या फोटोकडे बघत होता.

"सायकलीनं दोन दिवसांत पोचान तुमी," जत्थ्यातले म्हातारे बाबा म्हणाले.

"नाही बाबा, आम्ही पांदणीपांदणीनं जाऊन राहिलो."

"मंग बरोबर. संध्याकाळी सावळीले या, रोडगे करून राहिलो आमी."

लोधीखेड्याच्या आसपास राज्य बदलतं. पाट्या हिंदीत, बाकी सगळं तेच. तीच कपाशी, त्याच पऱ्हाटीच्या राशी, दुकानात तीच मराठी. सौंसरचा मुलूख भाषेने आपलाच आहे. शाळेत शिकलेला नकाशा इथे पुसट होतो.

जाम सावळीचा मारुती निजलेला आहे. पिंपळाखाली आडव्या झालेल्या त्या मूर्तीपुढे दुखणेकरी माणसं आशेने येऊन राहतात. मंदिराच्या परिसरात दर्शन घेऊन बाहेर जत्थ्याच्या चुलीपाशी गेलो. चूल कसली, गोवऱ्यांचा लांबलचक निखारा. रोडगा करणं हे बघण्यासारखं काम आहे. जाडसर दळलेली कणीक घट्ट मळायची. एकापेक्षा एक मोठ्या पाऱ्या लाटून मध्ये तेल लावत एकावर एक ठेवायच्या आणि सगळ्यात बाहेरच्या पारीत बाकीच्या बांधून गोळा वळायचा. तो निखाऱ्यात पुरायचा. एक आजी लांब चिमट्याने गोळे फिरवत होती. कोणता भाजला हे ती नखाने टिचकी मारून आवाजावरून ठरवत होती. राख झटकून, फडक्यात दाबून फोडला की आतून पापुद्रे सुटतात. वर तुपाची धार, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. पंगतीत आम्हाला त्यांच्यामध्ये बसवलं, शेवटी नाही. दिवसभर शंभराच्या जवळपास किलोमीटर झाल्यावर असं जेवण मिळालं तर दुसरं काय पाहिजे.

रात्री टाळ-ढोलकीवर महादेवाची गाणी झाली. काका सूर लावून बसले. मला ते गात असलेले पहिल्यांदाच दिसले.

दुसरा दिवस : सौंसर ते छिंदवाडा

सकाळी निघताना जत्थ्यातल्या बाबांनी एक वाट सांगितली, शेतांमधून रामाकोन्याकडे जाणारी. सुरेख वाट. काळी माती संपून मुरूम लागला. पायाखाली कुठे पांढरा संगमरवरी दगड, कुठे चमचमता अभ्रकाचा चुरा. हे खडक फार जुने, आणि भूगर्भशास्त्रात त्यांच्या समूहाला सौंसरचंच नाव आहे. नागपूर, भंडारा, बालाघाटपर्यंत जे मँगनीज सापडतं ते यांच्याच पोटात. चाकांना मात्र एवढंच कळतं की मुरूम पक्का धरतो आणि वळणावर सुटतो. वळणाआधी ब्रेक, वळणात नाही.

सुंदर वाटेला काटे असतातच. बांधावरच्या बाभळी छाटून कोणी वाटेवर टाकल्या होत्या. माझं मागचं चाक बसलं, भाच्याची दोन्ही. त्याचं टायर ट्यूबलेस, आतल्या द्रवाने भोकं आपोआप बुजायला हवी होती. बारीक बुजली, एक बुजेना, तिथे रबराची वात खुपसावी लागली. माझ्या ट्यूबमधून बाभळीचे चार काटे निघाले. आम्ही बसलेलो पाहून शेतातून एक माणूस आला, मागोमाग त्याची दोन पोरं. पाण्याचं घमेलं आणून दिलं. पोरांनी बुडबुडे बघून भोकं शोधायचं काम अंगावर घेतलं आणि चोख केलं. शेतकऱ्याने तोवर हरभऱ्याचे डहाळे उपटून काटक्यांच्या जाळावर भाजले. काळे हात, काळे ओठ, गरम गोड हरभरा. तासभर गेला. मला त्या तासाची अजिबात हळहळ नाही.

रामाकोन्याजवळ कन्हान ओलांडली. याच नदीचं पाणी पुढे नागपूरच्या नळांना येतं. पुलावर उभं राहून खाली पाहिलं. काळ्या दगडांमधून वाहणारं निवळ पाणी, बगळे, कपडे धुणाऱ्या बाया. आपण घरी बादली भरताना हे कधी डोळ्यांपुढे येत नाही.

पुढे सिल्लेवानीचा घाट. खालचं मैदान तीनशे-साडेतीनशे मीटर उंचीवर, वरचं छिंदवाड्याचं पठार ६७५ मीटरच्या आसपास. सातपुडा अशा पायऱ्यांनी चढतो, आणि ही पहिली पायरी. गाडीतून येताना घाट कधी सुरू झाला नि कधी संपला याचा पत्ता लागत नाही. सायकलीवर प्रत्येक वळण मोजून घेतं. माझ्या सायकलीला पुढे ३२ दात्यांचं एकच चक्र आणि मागे सगळ्यात मोठं ५१ दात्यांचं. तो सगळ्यात हलका गिअर टाकून श्वास आणि पायडल एका लयीत बसवली की चढ संपतो, फक्त घाई करायची नाही. सागाची पानं गळून गेली होती, वाटेवर त्यांचा खच. पळसाला मात्र फुलं आली होती. उघड्याबोडक्या जंगलात ती केशरी झाडं दुरूनही नजरेत भरत.

याच भागातून पूर्वी नॅरोगेज चालायची. नागपूर ते छिंदवाडा ती छोटी गाडी २०१५ साली बंद झाली आणि मार्ग रुंद झाला. काकांच्या वडिलांच्या वेळी परतीच्या प्रवासात बरेच जण छिंदवाड्याहून या गाडीत बसत. जाताना पायी, येताना गाडीने. देवाकडे चालत जायचं, घरी कसंही आलं तरी चालतं, असा हिशेब.

घाटमाथ्यावर उमरानाला. पश्चिमेला मोहखेडच्या अंगाला देवगड राहतो. या फेरीत तिकडे वळलो नाही. बख्त बुलंद शाहच्या राजधानीला उभ्या उभ्या भेट देणं मला पटलं नाही. तिथे स्वतंत्र जायचं आहे. पठारावर पुन्हा काळी माती, गहू आणि मक्याची कणसं काढून घेतलेली वावरं. छिंदवाडा मक्यासाठी प्रसिद्ध आहे. वारा पाठीवर होता, संध्याकाळच्या आत शहरात पोचलो. शहर म्हणजे लॉज, गरम पाणी, धुतलेले कपडे. त्याबद्दल अधिक काही लिहिण्यासारखं नाही.

तिसरा दिवस : छिंदवाडा ते तामिया

परासियापर्यंत रस्ता खाणींचा. पेंच खोऱ्यातला हा कोळसा इंग्रजांच्या काळापासून निघतो आहे. राखाडी ढिगारे, मालगाडीचे डबे, चहाच्या टपऱ्यांवर पाळी संपवून बसलेले कामगार. आमच्या त्रिशुळाला त्यांनीही हात जोडले. एकाने टपरीवाल्याला खूण केली आणि आमच्या चहाचे पैसे देऊन निघूनही गेला. त्याचा चेहरासुद्धा नीट पाहायला मिळाला नाही.

परासिया सुटलं की जंगल सुरू होतं आणि रस्ता हळूहळू वर चढत राहतो. उतार आला की बरं वाटतं, पण लगेच त्याची परतफेड करावी लागते. दुपारच्या उन्हात काकांचा वेग कमी झाला. भाचा त्यांच्या मागे राहून काही ना काही बोलत राहिला. त्याचं हे शहाणपण मला घरी कधी दिसलं नव्हतं.

तामिया गाव कड्याच्या अगदी काठावर आहे, हजार मीटरहून जास्त उंचीवर. सामान टाकून पातालकोटच्या कड्यावर गेलो. उंच पठार एकदम तुटतं आणि खाली हजार-दीड हजार फुटांवर दुसरंच जग दिसतं. घोड्याच्या नालेच्या आकाराची दरी, तिच्यात विखुरलेली बारा गावं, मधून दुधी नदी. तिथे भारिया आणि गोंड राहतात. भारियांना जडीबुटीचं ज्ञान मोठं. खालच्या गावांत सूर्य उशिरा उगवतो आणि लवकर मावळतो, कारण कडे चारी बाजूंनी अडवतात. आता काही गावांपर्यंत रस्ता उतरला आहे.

खाली एका पायवाटेने आम्ही थोडं उतरलो. सायकल खांद्यावर. ही चालवायची वाट नव्हेच, आणि तिथल्या लोकांच्या रोजच्या पायवाटेवर टायरांनी खड्डे पाडू नयेत असं मला ठामपणे वाटतं. डोक्यावर मोळी घेतलेली एक भारिया बाई वर येत होती. वाट अरुंद, म्हणून आम्ही कड्याला चिकटून उभे राहिलो. ती थांबली, श्वास घेतला, त्रिशूळ पाहिला आणि हिंदीत म्हणाली की तिचा भाऊसुद्धा शिवरात्रीला जातो, दरीतून सरळ डोंगर चढून, रस्त्याने नाही. तिने हाताने पश्चिमेकडच्या निळ्या रांगा दाखवल्या. आपण नागपूरचे लोक या यात्रेला आपली म्हणतो, पण या डोंगरांत राहणाऱ्या गोंड, कोरकू, भारियांचा महादेव त्याआधीचा आहे.

सूर्यास्ताला तामियाच्या कड्यावर गर्दी होते. आम्हीही तिथे होतो. पण मला आठवतो तो त्यानंतरचा अंधार. दरीत खाली, दूरदूर, एकेक दिवा लागत गेला आणि गावं कुठे आहेत ते तेव्हा कळलं.

चौथा दिवस : तामिया ते पचमढी

आजचा दिवस सगळ्यात कठीण, कारण आधी मिळवलेली उंची गमवायची आणि मग पुन्हा सगळी मिळवायची. निघण्याआधी ब्रेकचे पॅड तपासले. भाच्याचे मागचे घासून पत्र्यावर आले होते, ते बदलले. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून धरला तर डिस्क तापते आणि पकड जाते. दाबायचं, सोडायचं, दाबायचं. दोन्ही ब्रेक आळीपाळीने.

देलाखारीकडे उतरताना झाडं बदलली. सागाच्या जागी साल. नागपूरच्या जंगलात साल दिसत नाही, इथे उंच सरळ खोडांची दाटी, आणि फेब्रुवारीतही डोक्यावर हिरवं छत. सावलीतून उतरताना अंगावर काटा आला तो थंडीने. झिरप्याला चहा, पुढे मटकुली.

मटकुलीला देनवा नदीचा पूल आहे, आणि पिपरियाकडून येणारा रस्ता इथे मिळतो. इथून सगळं दृश्य पालटलं. ट्रॅक्टर, जीपा, बस, मोटारसायकली, त्यांच्यामधून पायी चालणारे जत्थे. एकीकडून 'हर बोला' आलं की दुसरीकडून 'हर हर महादेव'. पोळ्याला म्हणतात त्या झडत्यांमध्ये लहानपणापासून ऐकलेला हा पुकारा जंगलात घुमताना ऐकला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

पचमढीचा चढ सुमारे तीस किलोमीटरचा, सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून. इथे मुख्य रस्ता सोडायचा नाही. आतल्या वाटा वन्यजीवांसाठी राखलेल्या आहेत आणि त्या तशाच राहाव्यात. खडक पुन्हा बदलला. आता वालुकाश्म, गोंडवन काळातला, तांबूस पिवळा. रस्त्याच्या कडेला त्याची बारीक वाळू साचलेली, तिच्यात पुढचं चाक घसरतं. मी डांबराच्या आत राहून चढत होतो.

अर्ध्या वाटेत काकांच्या मांडीत गोळा आला. उतरून बसले. मागून येणाऱ्या वर्ध्याच्या एका जत्थ्यातली बाई न विचारता खाली बसली आणि त्यांचा पाय लांब करून मोहाच्या तेलाने चोळू लागली. "बसा जराशेक, थकले असान. महादेव कुठी पळून नाही चालला." दहा मिनिटांत काका उभे राहिले. मी म्हटलं, सायकल जीपमध्ये टाकू. ते म्हणाले, "माया बापानं या चढावर मले खांद्यावर घेतलं होतं. आता मले कोणी उचलाचं नाही." ते पुढचे किलोमीटर सायकल हातात धरून चालले, मग बसले, मग पुन्हा चालले. मी आणि भाचा त्यांच्या बाजूने, त्यांच्याच वेगाने.

पचमढीला, १०६७ मीटरवर, पोचलो तेव्हा दिवे लागले होते. कॅप्टन जेम्स फोर्सिथ या पठारावर आला ते साल १८५७ सांगतात, आणि मग इथे छावणी, बंगले, चर्च उभी राहिली. थंड हवेचं ठिकाण म्हणून तिची ओळख त्या वेळची. शिवरात्रीच्या आठवड्यात मात्र पचमढी पुन्हा जत्रेकरूंची होते. बाजारात नागपुरी, वऱ्हाडी बोली ऐकू येते, मैदानांवर चुली पेटतात.

पाचवा दिवस : चौरागड

गावापासून बडा महादेवाची गुहा दहा किलोमीटर. यात्रेसाठी वाहनं अलीकडेच थांबवली होती. सायकली एका पूजेच्या दुकानदाराच्या हवाली केल्या. काकांनी त्रिशूळ सोडवून खांद्यावर घेतला.

भस्मासुराच्या भीतीने महादेव इथे लपला ही कथा सगळ्यांना माहीत आहे. बडा महादेवाच्या गुहेत छतातून पाणी ठिबकत राहतं. गुप्त महादेवाच्या फटीतून एका वेळी एकच माणूस आडवा होऊन सरकू शकतो, दगड छातीला आणि पाठीला एकदम लागतो. पुढे चौरागडाची चढण आणि तेराशेच्या आसपास पायऱ्या. आमच्याकडच्या लोकांचं मानणं असं की गौरा पार्वती आपल्या माहेरची बहीण आणि महादेव आपला भाऊजी. म्हणून इथे नुसतं हात जोडणं नसतं, हक्काने बोलणं असतं. एक म्हातारी पायरीवर बसून मोठ्याने देवाला विचारत होती की गेल्या वर्षी सोयाबीन का बुडवलं. कोणी हसलं नाही. आजूबाजूचे दोन-तीन शेतकरी तिच्याजवळ बसले आणि तेही बोलू लागले.

पायऱ्यांच्या शेवटच्या टप्प्यात केळवदला भेटलेला तो जत्था पुन्हा भेटला. त्यांनी मधला टप्पा जीपने करून शेवट पायी धरला होता. मोठ्या त्रिशुळाखाली आता दोघं भाऊ एकदम होते, एक पुढे, एक मागे. अरुंद वळणावर दांडा अडकला तसे वरून उतरणारे अनोळखी लोक हात लावायला धावले. मीही लावला. लोखंड उन्हाने तापलेलं, तेलाने आणि शेंदराने चिकट. वजन एवढं की चार हात असतानाही खांदा दुखू लागला. मागचा भाऊ तीन वर्षं हे करत होता.

वर, १३०० मीटरच्या उंचीवर, मंदिराभोवती त्रिशूळच त्रिशूळ. हातभर, पुरुषभर, दोन पुरुष उंच. गंजलेले, नवे, वाकलेले, एकमेकांत गुंतलेले, हजारोंनी. प्रत्येकामागे कुठलं तरी गाव आणि कुठली तरी गोष्ट. त्या दोघा भावांनी आपला त्रिशूळ उभा केला आणि धाकट्याने व्हिडिओ कॉल लावून मुलीला दाखवला. काकांनी आपला हातभर त्रिशूळ मोठ्यांच्या मधल्या एका फटीत रोवला, बाजूला कळमेश्वरचं एक संत्रं ठेवलं. त्या मावशीची आठवण सांगायची राहिली नाही. समोर धूपगड दिसत होता, १३५० मीटरचा, सातपुड्यातला सगळ्यात उंच.

खाली उतरून सायकली घेतल्या. सायकलीने परतायला सुट्ट्या उरल्या नव्हत्या, म्हणून टेम्पो शोधत होतो, तर त्याच जत्थ्याने हटकलं. त्यांचा टेम्पो सावनेरपर्यंत रिकामाच जाणार होता, कारण सगळ्यात जड सामान वर राहिलं होतं. मोठा भाऊ टपावर चढला, भाच्याने सायकली वर दिल्या, चाकं काढून दोऱ्यांनी आवळल्या. काकांनी डिझेलचे पैसे पुढे केले. बाबांनी ते घेतले, मोजले, निम्मे परत केले आणि म्हणाले, "सावनेरले उतरल्यावर आमच्या घरी जेवून जाचं. आजच सांगून ठेवतो."

आम्ही मागच्या फळ्यांवर त्यांच्या गाठोड्यांना टेकून बसलो आणि टेम्पो मटकुलीच्या उताराला लागला.